मुकादमाची चोच

रस्त्याने एक पँट चालली आहे. तिच्या मागे एक बोका. पँट थांबली की बोका थांबतो, पँट वळली की बोका वळतो. पँटच्या आत कोण आहे याच्याशी बोक्याला काही देणंघेणं नाही.

*

शिलाईच्या टेबलावर पांढरा खडू. काळ्या कापडावर ओढला की रेघ उठते, पण भुसभुशीत. फुंकर मारली तर अर्धी उडून जाते. "हल्ली खडूसुद्धा धड मिळत नाही," असं म्हणायचं आणि पुन्हा ओढायचा.

*

वाटीत राळ्याचे दाणे. सकाळी काठोकाठ. संध्याकाळीही काठोकाठ.

*

एक चष्मा. काडी एकच.

*

"ताट उचल गं. मला भूक नाही."

*

"मी गरुड! उंच आभाळातून उंदराची मिशी दिसते, ती मला. कुलूप माझ्यापुढे आपणहून उघडतं आणि गुन्हेगार माझ्यापुढे आपणहून रडतो. माझ्या मेंदूचे दोन भाग आहेत. एक विचार करतो, दुसरा त्याला दाद देतो. मी आजवर एकही गुन्हेगार सोडलेला नाही."

*

हे सगळं एकाच केसमधलं आहे. विस्कटलेलं दिसतंय, पण क्रम लागेल. मी लावतो. किल्ल्यांचं जुडगं सोडवायची मला सवय आहे.

शेवटचा मजकूर आमच्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. तो माझ्या दाजींनी स्वतःबद्दल स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि स्वतःच मान डोलावली. त्यातलं शेवटचं वाक्य मात्र शब्दशः खरं आहे. सोडायला आधी धरावा लागतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. लग्नाआधी ताईने विचारलं होतं, "तुम्ही काय करता?" दाजी म्हणाले होते, "ते सांगता येत नाही." ताईला वाटलं, काहीतरी मोठं असणार. अजूनही ते सांगता येत नाही.

आमच्या पाटीवर तीन ओळी आहेत. किल्ल्या बनवून मिळतील. कुलूप घरी येऊन उघडून मिळेल. रहस्य उलगडून मिळेल. पहिल्या दोन ओळींचं काम मी करतो. तिसऱ्या ओळीचं दाजी करतात आणि त्यानंतर जे निस्तरायचं असतं ते पुन्हा मी. मागे एकदा हरवलेल्या बादलीची केस आली होती. दाजी कुंपणापलीकडे बराच वेळ डोकावून शोधत राहिले. ते ज्या बादलीवर उभे होते ती ओळखायला घरमालकिणीला यावं लागलं.

अशील येते

आमच्या समोरच टेलरबाईंचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. त्या दिवशी बाई रस्ता ओलांडून आल्या त्या हातात पिंजरा घेऊन. पिंजऱ्यावर अस्तराचं कापड.

"भाऊ," त्या दाजींना म्हणाल्या, "हा माझा मुकादम नाही."

कापड उचललं. आत दोन फिंच पक्षी. चिमणीच्या निम्म्याने असतील. नराच्या गालावर नारिंगी ठिपके, छातीवर बारीक पट्टे, अंगावर एकूण कापड कमी पण शिलाई भरपूर. हा मुकादम. शेजारची साधी राखाडी ती मुकादमीण. त्याला हे नाव पडलं कारण त्याचा पिंजरा शिलाई मशीनच्या वर टांगलेला असतो. मशीन चालू असेल तोवर साहेब गप्प. मशीन थांबलं रे थांबलं की खेळण्यातल्या भोंग्यासारखा ओरडा सुरू: पीं पीं पीं! म्हणजे कामाला लागा.

पण आता त्याचं रूप वेगळंच होतं. फिंचची चोच कशी, लाल मेणाचा थेंब पडावा तशी आखूड असते. याच्या चोचीचं वरचं पान खालच्याच्या पुढे वाढून खाली वळलं होतं, महिनोन्‌महिने न कापलेल्या नखासारखं. पिसं विस्कटलेली. छातीचं हाड हाताला लागेल इतका उतरलेला.

"मुकादमिणीची दाण्यांची वाटी रिकामी होते, याची काठोकाठ तशीच राहते," बाई म्हणाल्या. "माझा मुकादम खादाड होता. आणि चोच एवढीशी होती. कोणीतरी बदललाय."

'बदललाय' हा शब्द ऐकताच दाजी उभे राहिले. उभे राहताना त्यांनी खणातून भिंग काढलं. भिंग म्हणजे एका काडीचा चष्मा. आमच्या खणात काही महिन्यांपासून पडून होता. या खणात येणाऱ्या वस्तू अनाथ होऊनच येतात. दाजी त्याची एकुलती एक काडी दोन बोटांत धरतात आणि त्यातून जगाकडे बघतात. जग मोठं दिसतं, दाजींना स्वतःही मोठं वाटतं, असा दुहेरी उपयोग.

"मेहुणे," दाजी मला म्हणाले, "वर्तुळ काढा."

"कशाभोवती?"

"ते नंतर ठरवू."

सिद्धांत पहिला: तोतया

"बाई, हा तोतया आहे," दाजींनी जाहीर केलं. "खरा मुकादम पळवला गेला. त्याच्या जागी त्याच रंगाचा, त्याच पट्ट्यांचा इसम बसवला. फक्त एका गोष्टीत ते चुकले. नाक."

"नाक नाही, चोच," मी म्हणालो.

"नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं मेहुणे. इथे नाकच जड झालंय."

घटनास्थळाची पाहणी करायला आम्ही समोर गेलो. बोकाही आला. बोक्याबद्दल सांगायचं राहिलं. दाजींनी टेलरबाईंकडून खास गुप्त कामासाठी सात खिशांची काळी पँट शिवून घेतली होती. पहिल्यांदा घातली त्या दिवसापासून एक पिवळा बोका तिच्या मागे लागला होता. "माझ्यावर पाळत आहे," दाजी हळूच म्हणायचे आणि एकदम वळायचे. बोकाही वळून मागे बघायचा, कोण आलं म्हणून.

दुकानात शिरलो. कापलेल्या कापडांचे गठ्ठे, भिंतीवर लटकलेले कागदी साचे, टाचण्यांची उशी, मशीन. खिडकीशी खुर्चीत आजोबा. टेलरबाईंचे वडील. हे दुकान मूळचं त्यांचं. पुढे हात थरथरायला लागले, कात्री सुटली. आता त्यांच्याकडे दोनच कामं होती. रोज सकाळी खुणांच्या खडूला पात्याने तासून पातळ धार लावायची, कारण धार नसेल तर रेघ जाड येते आणि जाड रेघेवर कापलेली बाही कोणालाच बसत नाही. आणि दुसरं, मुकादमाचं खाणंपिणं, साफसफाई.

"आजोबा," दाजी म्हणाले, "तुम्ही शेवटचं काय पाहिलंत?"

"शेवटचं? अजून बरंच बघायचंय की मला," आजोबा डोळे बारीक करून म्हणाले. "कोण बोलतंय?"

"चष्मा कुठाय बाबा?" टेलरबाई वैतागल्या. "दुसरा करू म्हटलं तर नाही म्हणतात."

"दिलाय कुठेतरी दुरुस्तीला. तो म्हणाला उद्या देतो. कुठे दिला ते आठवलं की आणतो."

"ही स्वतंत्र केस झाली," दाजींनी हात वर केला. "मी एका वेळी एकच घेतो."

मग त्यांनी पिंजऱ्यातल्या मुद्देमालाची मोजदाद केली. झोपाळा एक. दांड्या दोन. घरट्याची लाकडी पेटी. पाण्याची वाटी. दाण्याच्या वाट्या दोन. कडेच्या तारेला चिमट्याने अडकवलेला पांढरा चपटा तुकडा. "सजावट," दाजी म्हणाले.

"सजावट कसली? तो समुद्रफेस," बाई म्हणाल्या. "समुद्रातल्या कसल्याशा जिवाचं पाठीतलं हाड. पक्षी त्याला चोच घासतात. फिंच आणले त्या दिवसापासून टांगलाय."

"तेच म्हणालो. सजावट."

तोतया ओळखायचा कसा? दाजींनी उलटतपासणीला प्रारंभ केला. मुकादमासमोर वाकून, भिंग लावून, भुवया उंचावून ते म्हणाले, "तुझं खरं नाव काय?" मुकादमाने एक डोळा मिटला. "बाप काय करतो?" दुसरा डोळा मिटला. "बघा! उत्तरं टाळतोय!"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या मशीनवर बसल्या, पाय मारला, खडखड खडखड, आणि एकदम थांबल्या.

"पीं," मुकादम म्हणाला. आवाजात दम नव्हता. पण हुकूम तोच. "पीं... पीं."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हाच आहे," त्या म्हणाल्या. "हाच मेला माझा."

पहिला सिद्धांत मेला. दाजींनी त्याच्यासाठी क्षणभर डोळे मिटले.

सिद्धांत दुसरा: उपोषण

"मुकादम मंडळी असं करतात," दाजी म्हणाले. "मागण्या मान्य होईपर्यंत अन्न नाही."

"कसल्या मागण्या?"

"त्याच तर गुप्त असतात."

तेवढ्यात बाईंनी आतल्या स्वयंपाकघरातून ताट आणलं, ते तसंच परत निघालं. "ताट उचल गं," आजोबा म्हणाले. "मला भूक नाही."

टेलरबाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. "हा खरा घोर आहे भाऊ. बाबांचं आधीपासून ठरलेलं. मुकादमाने दाणा टिपला की मग हे पहिला घास घेणार. आता तो खात नाही म्हणून हेही खात नाहीत. दिवसभर वाटी घेऊन त्याच्यासमोर बसतात. दाणे भिजवून मऊ करून देतात तेव्हा तो कसेबसे दोनचार गिळतो, आणि हे दोनचार घास घेतात. दोघं मिळून झिजतायत माझ्यासमोर."

दाजी क्षणभर गंभीर झाले. ही त्यांची गोष्ट मला आवडते. ती क्षणभरच टिकते.

"ज्याने चोच दिली तो चारा देतो म्हणतात," मी म्हणालो. "इथे चोच आहे, चाराही आहे. मग अडलंय कुठे?"

"मध्ये!" दाजी गरजले. "मेहुणे, गुन्हा नेहमी मध्ये असतो!"

आणि त्यांनी नोंदवलं: मध्ये.

सिद्धांत तिसरा आणि चौथा

हे दाजींनी मागे घेतले आहेत. ताईने ते ऐकले आणि विचारलं की हे बाहेर कोणासमोर बोललात का. दाजी नाही म्हणाले. ताई म्हणाली, मग वाचलात.

सिद्धांत पाचवा: परकं रक्त

दाजी: बाई, स्पष्ट विचारतो. राग मानू नका. मुकादमाच्या घराण्यात कोणी पोपट होता का?

टेलरबाई: काय?

दाजी: वळलेली चोच. आजी पोपटाच्या शेजारी राहत असेल. पूर्वी पिंजरे लागून लागून असायचे.

आजोबा (खिडकीजवळून): आमच्या मुकादमाची आजी फार सरळ होती हो.

दाजी: तुम्ही ओळखत होता?

आजोबा: नाही. पण नातू बघा ना.

मी: दाजी, चोच आधी बरी होती. पुढे वाढत गेली. रक्त असं मध्येच येत नाही.

दाजी: मेहुणे, तुमची ताईसुद्धा आधी बरी होती.

(हे वाक्य ताईपर्यंत पोचलं. कोणी पोचवलं ते मी सांगणार नाही. केस अजून उघडी आहे.)

बोक्याची जबानी

(बोका काही बोलला नाही. बघत मात्र सारखा पँटकडे होता.)

कानस

पाच सिद्धांत संपल्यावर दाजींनी सातव्या खिशातून कानस काढली. किल्लीचे दात घासायची, बारीक, तीन धारांची.

"आता कृती," ते म्हणाले. "चोच म्हणजे तरी काय? किल्लीच. कुलपात जात नसेल तर थोडी घासायची. धरा पाखरू, मेहुणे."

मी हात मागे घेतले. रोज किल्ल्या घासतो मी. दोन दात जास्त घासले गेले तर दुसरी कोरी पट्टी घेतो. इथे दुसरी पट्टी नव्हती.

"दाजी, आत रक्त असलं तर?"

"चोचीत कसलं रक्त?"

"तुमच्या नखात असतं तसं."

टेलरबाईंच्या हातात धागे तोडायची छोटी कात्री होती. मला वाटलं, त्या दाजींना थांबवणार. पण त्या कात्रीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "मीसुद्धा काल हाच विचार केला होता. एक टोक तर आहे. कच् करून उडवावं. त्याला हातात धरलं. एवढंसं छातीत कसं धडधडत होतं! मशीन परवडलं. झालं नाही माझ्याने." मग एकदम सावरून त्यांनी टाचण्यांची उशी उचलली. "भाऊ, ती कानस खिशात. नाहीतर सातही खिशांना टाचण्या टोचीन, पँट अंगात असताना."

दाजींनी कानस ठेवून दिली. आणि त्या अख्ख्या केसमधली एकमेव शहाणी गोष्ट बाईच बोलल्या: "पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

आजोबांना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून ते घरी राहिले. निघताना त्यांनी पिंजऱ्याच्या तारेतून बोट आत घातलं. मुकादमाने ते आपल्या वाकड्या चोचीने हळूच हलवून पाहिलं. "लवकर आणा हो," आजोबा म्हणाले, "मी थांबतो जेवायला."

डॉक्टरीणबाई

दवाखान्यात एक ससा, एक कासव आणि त्यांची माणसं बसली होती. दाजींनी कासवाकडे संशयाने पाहिलं. कासवाने डोकं आत घेतलं. "नोंद करा," दाजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला एका हातात घेतलं, मान दोन बोटांच्या बेचक्यात. आधी वजन केलं. पोट तपासलं, पिसं फुंकून त्वचा पाहिली, चोचीच्या मुळाशी दिवा लावून पाहिलं.

"चोच नखासारखी असते," त्या म्हणाल्या. "जन्मभर वाढते. एरवी झिजत राहते म्हणून कळत नाही. कधी यकृत बिघडलं, कधी चोचीला किडे लागले, तरीही अशी वाढते. म्हणून आधी ते बघितलं. तसं काही दिसत नाही. वरचं पान पुढे आल्यामुळे याला दाणा सोलताच येत नाहीये. समोर ताट आहे, पण तोंडाला कुलूप."

"मध्ये!" दाजी माझ्या कानात ओरडले.

"घरी कापायचा प्रयत्न नाही ना केला कोणी? आत रक्तवाहिनी असते. चुकून तुटली तर एवढ्याशा जिवाचं रक्त ते किती."

टेलरबाई आणि दाजी एकाच वेळी छताकडे बघू लागले. दाजींच्या सातव्या खिशात कानस एकदम जड झाली असावी. पँट एका बाजूला कलली.

डॉक्टरीणबाईंनी चोचीमागे उजेड धरला, रक्त कुठवर आहे ते पाहिलं, आणि टोक बारीक कात्रीने जरासं, अगदी जरासं कापलं. मग नखं घासायच्या छोट्या पट्टीने कडा गोल केल्या. मुकादम एवढंच म्हणाला: पीं! कापलेला तुकडा टेबलावर शोधायलाही सापडेना. दाजींनी भिंग काढलं. तरीही सापडेना.

"झालं. पण झिजायला काही मिळालं नाही तर पुन्हा वाढेल. समुद्रफेस टांगलाय ना?"

"टांगलाय की," बाई म्हणाल्या. "हा काय."

"मग याने टोचला कसा नाही? मुकादमिणीची चोच ठीक आहे."

"ती दिवसभर घरट्याची पेटी टोकरत असते. हा काय करतो? वर बसून हुकूम सोडतो."

डॉक्टरीणबाईंनी चिमटा सोडवून तो पांढरा तुकडा हातात घेतला. नखाने ओरखडला. नख गुळगुळीत घसरलं. मग त्यांनी तो टेबलाच्या काळ्या रेक्झिनवर ओढला.

सुरेख, बारीक, सरळ रेघ.

"बाई," त्या म्हणाल्या, "हा तर कपड्यांवर खुणा करायचा खडू आहे."

सगळ्यांच्या माना त्या रेघेकडे वळल्या. सशाचीसुद्धा.

आणि त्याच वेळी टेबलाखालून चपचप असा आवाज येऊ लागला. बोका आमच्या मागोमाग आलाच होता. तो दाजींच्या पँटची पायपट्टी चाटत होता. डॉक्टरीणबाई खाली वाकल्या, बोक्याला बाजूला केलं, पँटची दुमड उलटवली. आत, शिवणीच्या कडेने, पांढरी भुसभुशीत रेघ. त्यांनी बोटाने पुसली, वास घेतला.

"समुद्राचा वास," त्या हसल्या. "ही पँट समुद्रफेसाने आखलेली आहे. मांजराचं काय चुकलं हो?"

म्हणजे अदलाबदल झाली होती. तोतयाही होता. दाजींचा पहिला सिद्धांत जवळजवळ बरोबर होता, फक्त तोतया दांडीवर बसला नव्हता, तारेला टांगलेला होता. आणि खरा इसम टेलरबाईंच्या खडूच्या डब्यात बसून पँटी आखत होता.

"पण खडूच्या डब्यातला समुद्रफेस मला दिसला कसा नाही?" टेलरबाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता थांबल्या. आवाज खाली गेला. "दिसणार कसा? तासलेला होता. बाजू सरळ, कड पातळ, अगदी खडूसारखा. पिंजरा धुताना दोन्ही टेबलावर असतील. एक टांगला गेला. दुसऱ्याला सकाळी धार लागली."

"म्हणजे गुन्हेगार—" दाजींनी भिंग उंचावलं, छाती फुगवली, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता, "म्हणजे आजोबांनीच—"

"भाऊ," टेलरबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे दोनच कामं उरलीत. दोन्ही एका दमात काढून घेऊ नका."

दाजींची छाती हळूहळू खाली आली.

परत निघालो. पुढे बाई, मग पिंजरा घेतलेला मी, मग दाजी, मग बोका. दाजी गप्प आहेत अशी ही मी पाहिलेली पहिलीच केस.

गुन्हेगार या खोलीत आहे

आजोबा खुर्चीतच होते. ताट झाकलेलं.

"कापली? दुखलं का त्याला?"

"नाही बाबा. आजार काही नाही. समुद्रफेसाच्या जागी चुकून दुसरंच काहीतरी टांगलं गेलं होतं."

आजोबांचे हात गुडघ्यांवर स्थिर झाले. एरवी ते थरथरत असतात. "काय टांगलं होतं?"

"...खडू."

"कोणी?"

दाजी पुढे झाले. आणि सवयीने, निव्वळ सवयीने, त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "गुन्हेगार या खोलीत आहे."

टेलरबाईंनी डोळे मिटले. दाजींचं बोट वर गेलं. ते आजोबांवरून फिरलं, मशीनवरून, माझ्यावरून, कपड्याच्या गठ्ठ्यांवरून, परत आजोबांवर येऊन अडखळलं, आणि मग जमिनीकडे वळलं.

"हा!"

बोक्याने वर पाहिलं.

"हा नराधम," दाजी म्हणाले. "नर-मार्जार. खिडकीतून आत आला. समुद्रफेसाला समुद्राचा वास. याने तो पिंजऱ्यातून ओढला, चाटला, टेबलावर टाकला. मग पुरावा लपवायला टेबलावरचा खडू उचलून जागच्या जागी..."

"चिमट्याने अडकवला?" आजोबांनी विचारलं.

"मांजराची जात फार नीटनेटकी, आजोबा. स्वतःची घाणसुद्धा झाकते. एक चिमटा लावणं म्हणजे काय मोठं?"

बोका पंजा चाटायला लागला. गुन्हेगाराने हात धुतले.

आजोबा बराच वेळ बोक्याच्या दिशेने बघत राहिले. त्यांना तो पिवळा ढग दिसत असावा. मग हळूच म्हणाले, "पण खडूच्या डब्यातल्याला धार तर मी..."

"हो ना!" टेलरबाई मध्येच म्हणाल्या. "तुमची धार होती म्हणून निभलं बाबा. नाहीतर त्या हाडाने कापड आखणं कोणाला जमलं असतं? भाऊंची पँट बघा, एका रेघेने हुकली नाही."

दाजींनी ताबडतोब एका पायावर उभं राहून पँट दाखवली.

आजोबांच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं. मग एका कोपऱ्यातून हसू आलं, जसं दुमडीतून टाका निघतो. "तरीच," ते म्हणाले. "हाताला जरा हलका लागत होता तो खडू." थोडं थांबून ते दाजींकडे वळले. "हुशार आहे हो तुमचं मांजर."

आता त्यांना कळलं की नाही, ते मला विचारू नका. मी किल्लीवाला आहे. काही कुलपं बंदच बरी.

मी पिंजरा मशीनच्या वर अडकवला. डब्यातला तासलेला समुद्रफेस तारेला, खडू डब्यात. मुकादमाने झोपाळा घेतला, सोडला. वाटीच्या काठावर आला. डोकं तिरकं करून दाण्यांकडे पाहिलं, जसा मुकादम सुट्टीवरून आल्यावर माणसं मोजतो. एक दाणा उचलला. चोचीत फिरवला.

टिक.

टरफल खाली पडलं.

पुन्हा. टिक. टिक. सगळी खोली ऐकत होती. बाई श्वाससुद्धा घेत नव्हत्या.

"काय गं," आजोबा म्हणाले, "ताट वाढतेस ना? का आता तुझं उपोषण?"

बाई आत पळाल्या. मशीन थांबलेलं होतं, हे तेवढ्यात मुकादमाच्या ध्यानात आलं. पीं पीं पीं पीं पीं!

उरलेलं

पँट धुतली. दुसऱ्या दिवसापासून बोका मागे यायचा बंद झाला. दाजींनी दोनदा एकदम वळून बघितलं, मागे रिकामा रस्ता. "पाळत उठली," ते म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. संध्याकाळी त्यांनी मच्छीवाल्याच्या गाडीजवळून जरा सावकाश चालून पाहिलं, असं ताई म्हणते.

रोज सकाळी टेलरबाई डब्यातले खडू आधी स्वतः बघतात आणि मग आजोबांच्या हाती देतात. आजोबा प्रत्येक खडू नाकाशी नेतात, मग धार लावतात. दाण्याची वाटी भरतात, आणि मुकादमाच्या पहिल्या 'टिक'बरोबर पहिला घास घेतात.

आणि एक दिवस मी दुकान उघडलं तेव्हा दाजी भिंतीसमोर उभे होते. हातात पेन्सिल. स्वतःबद्दल लिहिलेल्या मजकुरातलं शेवटचं वाक्य, 'मी आजवर एकही गुन्हेगार सोडलेला नाही', त्यांनी एका सरळ रेघेने खोडलं होतं.

"आता ते खरं राहिलं नाही, मेहुणे," ते म्हणाले. मग खणातलं भिंग काढून, त्याची एकुलती एक काडी दोन बोटांत धरून, रेघ नीट आलीय का ते बघू लागले.

आजोबांनी पिंजरा धुतला आणि खडू टांगला गेला, त्याच्या आदल्या दिवशी ते एक काडी निखळलेला आपला चष्मा घेऊन आमच्या दुकानात आले होते. मी बाहेर कोणाचं तरी कुलूप उघडायला गेलो होतो, म्हणून तो दाजींनी घेतला आणि उद्या देतो म्हणाले.